न्हाणीचं दार

मला बघायला पाहुणे यायचे तेव्हा आईचा एकच नियम असायचा. मी तोंड उघडायचं नाही. तोंड उघडलं की त्यातून लाकूड-लोखंड बाहेर पडतं, असं तिचं म्हणणं. त्यात तथ्य होतं. कोणता माल किती वजनाला वाकतो आणि कुठं मोडतो, हे मी वाशीमच्या पॉलिटेक्निकमध्ये शिकवते. मागच्या एका पाहुण्याला मी तो बसलेल्या खुर्चीचा पाय कसा तडकेल ते समजावून सांगितलं होतं. पाय तसाच तडकला. स्थळ अर्थातच गेलं.

"हे कारंज्याचं स्थळ गेलं तं तू अन् तुही लाकडं करा संसार," आईनं बजावलं. यावेळी मलाही स्थळ जावं असं वाटत नव्हतं. मुलगा भाजीपाल्याचा मळा करायचा आणि फोटोत हसरा होता. मी ओठ शिवून घेतले.

पाहुणे केनवडला आमच्या घरी आले ते भर श्रावणात. आदल्या दिवसापासून आईनं घर धुवायला काढलं होतं. भिंती झाल्या, फरशी झाली, न्हाणीचं दारही तिनं बादल्या ओतून ओतून घासलं. शेतातल्या आंब्याच्या उभ्या फळ्या जोडून बाबांनी ते दार स्वतः केलेलं, आणि त्याचा त्यांना लेकीपेक्षा जास्त अभिमान. मुलाचे वडील आल्या आल्या हातपाय धुवायला आत गेले. अंगापिंडानं भरभक्कम माणूस. दार लागेना म्हणून त्यांनी आतून चांगला खांदा दिला. ते लागलं. मग उघडेना.

आतून कडी ओढल्याचा आवाज आला. मग कडी हातात आल्याचा आवाज आला.

"अहो, दार जाम झालं वाटते," आतून आवाज.

"जाम कसं होईन? घरचं लाकूड हाय!" बाबा बाहेरून.

बाबांनी साबणाचं पाणी आणवलं आणि फटींतून सोडलं, म्हणजे दार सटकेल. लाकूड जास्तच पाणी प्यायलं. मग मुंग्या हाकलल्यासारखं चारी बाजूंनी झाडूनं थोपटून झालं. तेवढ्यात आतल्या पाहुण्यांना वाटलं असावं की वेळ वाया कशाला घालवा. त्यांनी आतूनच बघण्याचा कार्यक्रम सुरू केला.

"पोरगी काय करते म्हनता?"

"शिकवते जी. काय कायनं मोडते ते."

"मोडाचं शिकवते?"

आईनं कपाळाला हात लावला. बाबांनी विषय बदलायला पहार आणली आणि दाराच्या वरच्या कडेला घालायला लागले. तिथं दार अडकलेलंच नव्हतं. लाकूड भिजलं की रुंदीत फुगतं, लांबीत जवळजवळ नाही. ते दोन्ही बाजूंना चौकटीत बसलं होतं आणि वर बोटभर फट तशीच होती. पहार लागेना, तेव्हा बाबा मागं सरकले आणि धावत येऊन धडक द्यायच्या पवित्र्यात उभे राहिले. दार उघडायचं आतल्या बाजूला. आत जागा एवढीशी. म्हणजे ते अख्खं दार पाहुण्यांच्या छातीवर.

मी आईकडे पाहिलं. तिनं मान हलवली. गप्प राहिले तर स्थळ टिकेल पण सासरा टिकणार नाही, असा तो हिशेब होता.

"बाबा, थांबा!" मी ओरडले. "काकाजी, तुमी दाराले हात नका लावू. मी झरोक्यातून पेचकस देते. बिजागऱ्यांचे स्क्रू काढा. आधी वरचे काढू नका, खालचे काढा. अन् पाणी बंद करा नळाचं, दार अजून फुगून राह्यलं!"

मग नळ बंद झाला.

"उलटं फिरवून राह्यले तुमी, काकाजी. दुसरीकडं."

"हो माय, हो."

शेवटी बिजागरीकडची बाजू मोकळी झाली, दार तिरकं झालं आणि सुटलं. पाहुणे बाहेर आले ते गुडघ्यापर्यंत ओले, एका हातात कडी, दुसऱ्या हातात पेचकस. सगळे बैठकीत येऊन बसले. आलू-पोहे समोर होते, खात कोणीच नव्हतं. आईनं तर पदर डोळ्यांना लावला होता.

"मले पोरगी पसंत हाय," ते म्हणाले. "माह्या बायकोनंतर मले असं कोनी ओरडलं नव्हतं. पोरा, तुले काय इचाराचं ते इचार."

मुलगा इतका वेळ भिंतीला टेकवलेलं दार वळून वळून पाहत होता. तो म्हणाला, "मंग ते उभं काहून नाई फुगलं? आडवंच काहून?"

आजवर मला उंची विचारली होती, भाकरी येते का विचारलं होतं, नोकरी सोडशील का विचारलं होतं. भरल्या वर्गात मी याच प्रश्नाचं उत्तर न अडखळता देते. तो माणूस मला तिथल्या तिथं इतका आवडला की उत्तर देताना माझा आवाज कापायला लागला.