लिफ्टकाका आणि कड्यावरची वाट

आठ मजल्यांच्या त्या कचेरीत लिफ्टकाकांचं खरं नाव पगाराच्या दिवसाखेरीज कोणाला आठवत नसे. मोठ्या साहेबांपासून झाडलोट करणाऱ्या बाईंपर्यंत सगळे त्यांना लिफ्टकाकाच म्हणत. जाळीच्या दाराची जुनी लिफ्ट, कोपऱ्यात उशी बांधलेलं स्टूल, डोक्यावर घरघरणारा छोटा पंखा आणि आरशाच्या कडेला खोचलेला कंगवा, एवढा त्यांचा तिथला संसार. कंगवा सार्वजनिक होता. मुलाखतीला आलेला एखादा घामाघूम उमेदवार दिसला की ते तो काढून पुढे करीत आणि म्हणत, "आधी भांग नीट करा. उत्तरांचं नंतर बघू."

कोण कुठे उतरणार हे त्यांना विचारावं लागत नसे. कोणाचं कोणाशी बिनसलंय, हेही लिफ्टमध्ये कोण कोणाकडे पाठ करून उभं राहतं त्यावरून त्यांना बरोबर कळे. पण कळलेलं त्यांनी कधी कोणाच्या कानावर घातलं नाही. कचेरीतली निम्मी भांडणं वाढली नाहीत ती त्यामुळेच, असं जुने लोक अजून सांगतात.

अशा या माणसाबद्दलची एक गोष्ट मात्र कचेरीत कोणालाच ठाऊक नव्हती. लिफ्टकाकांना उंचीची भीती वाटायची. साधीसुधी नव्हे. दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून खाली नजर गेली तरी पोटात खड्डा पडायचा, तळपायांना मुंग्या यायच्या आणि जवळचा खांब मिठी मारण्यासाठीच तिथे उभा आहे असं वाटायला लागायचं. लिफ्टमध्ये त्रास नव्हता, कारण लिफ्टमधून काही दिसतच नाही. जाळीतूनही भिंतच सरकताना दिसते, आणि चारी बाजूंनी भिंत असली की आपण आठव्या मजल्यावर आहोत की तळघरात, हे पोटाला समजत नाही. आठव्या मजल्यावर कोणाचा वाढदिवस असला की तिथली मंडळी हाका मारीत, "काका, या की आत, खिडकीतून सगळं शहर दिसतं." काका म्हणत, "लिफ्ट सोडून कसा येऊ?" यावरून ते फार कर्तव्यदक्ष आहेत असा बोलबाला झाला. निवृत्तीच्या समारंभात साहेबांनी भाषणात तेच सांगितलं, टाळ्या पडल्या, आणि पहिल्या रांगेत बसलेल्या काकूंनी हसू लपवायला रुमाल तोंडाला लावला.

काकूंना सगळं ठाऊक होतं. घर तळमजल्यावरच हवं, का तर तिथे नळाला पाणी जोरात येतं, असं काका लग्नानंतर लगेच म्हणाले होते, तेव्हाच त्यांनी ओळखलं होतं.

काकूंचं माहेर डोंगराच्या पायथ्याचं. वडील वनरक्षक. वर, दाट जंगलाच्या पार टोकाला एक धबधबा होता. तिथे फारसं कोणी जात नसे. लहानपणी काकू वडिलांबरोबर तिथे जात, आणि खडकावर बसून पाय गार पडेपर्यंत पाण्यात सोडत. "एकदा तुम्हाला तिथे नेणार आहे मी," हे त्या लग्न झाल्यापासून म्हणत आल्या होत्या. काकांचं उत्तर दरवर्षी नवं असे. कधी रजा नाही, कधी कंबर धरलीय, एका वर्षी तर बुटांचा तळ गेलाय. काकू शिवणयंत्रावरून मान वर करून एकदा त्यांच्याकडे बघत आणि पुन्हा पायडल मारू लागत.

निवृत्तीनंतरच्या वर्षी डॉक्टरांनी काकूंचा गुडघा तपासला आणि सांगितलं, डोंगर चढायची हौस असेल तर यंदाच भागवून घ्या. काकूंनी घरी येऊन चहा टाकला आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, "मी धबधब्याला जाणार आहे. जावई गाडी घेऊन येतोय. तुम्ही आलात तर मला बरं वाटेल. नाही आलात तर आल्यावर सांगेन कसा होता ते."

त्या भांडल्या असत्या तर काकांना रुसायला जागा मिळाली असती. आता तीही नव्हती.

"वाटेत दरी आहे?" त्यांनी विचारलं.

"आहे थोडीशी."

"दरी थोडीशी कशी असते गं?"

"अहो, शेवटचा एक तुकडा कड्यावरून आहे. रुंद आहे वाट. तो ओलांडला की आलंच."

"जावयाला सांगितलंस का, माझं ते?"

"मी कशाला सांगू? तुमचं तुम्ही सांगा."

"काही गरज नाही," काका म्हणाले. जावई त्यांना फार मानायचा. एकदा लिफ्ट दोन मजल्यांच्या मधोमध अडकली तेव्हा काकांनी आतल्या रडवेल्या माणसांना गप्पांत कसं गुंतवून ठेवलं, ही गोष्ट त्याने आपल्या मित्रांना रंगवून रंगवून सांगितली होती. आमचे सासरे म्हणजे वाघ, असं तो म्हणे. वाघाला आता तोंडघशी पडायचं नव्हतं.

जंगल काकांना आवडलं. उंच झाडं एकमेकांना खेटून उभी, दोन्ही बाजूंना हिरवी भिंत, पायाखाली ओल्या पानांची गादी. बुंध्यांवर जाड शेवाळ होतं. वर चढावं तसा गारवा वाढत गेला आणि बोलताना तोंडातून वाफ निघू लागली. काकू काठी टेकत पुढे, मध्ये काका, मागे फोटो काढत जावई.

"बाबा, दम लागला का?"

"दम मला कशाला लागतोय? तुमच्या सासूबाई थांबत नाहीत, त्याचं बघा."

"नाही तर काय करू?" काकू वळून म्हणाल्या. "यांचं बसून काम, माझं पायांचं. आयुष्यभर स्टूल तापवलं आहे यांनी."

आणि मग झाडं संपली.

डाव्या हाताला ओला कातळ, समोर दोन माणसं शेजारी चालतील एवढी वाट, आणि उजव्या हाताला काहीच नाही. खूप खाली ढगाचा एक तुकडा तरंगत होता. ढग आपल्या खाली आहे, हे काकांना आवडलं नाही.  ते शेवटच्या झाडाला पाठ लावून खाली बसले.

"बूट चावतोय," ते म्हणाले. "तुम्ही दोघं जाऊन या. मी सामान बघतो."

"कुठलं सामान?" जावयाने विचारलं. सामान सगळं त्याच्याच पाठीवर होतं.

 काकूंनी पलीकडे पाहिलं. कड्याच्या वळणाआडून पाण्याचा आवाज येत होता. मग त्याही काकांच्या शेजारी बसल्या आणि गुडघा चोळू लागल्या.

"जा ना तू," काका हळूच म्हणाले.

"लहानपणी पुष्कळदा पाहिलाय मी. मला तो तुम्हाला दाखवायचा होता. नाही तर मग इथूनच जाऊ परत. इथेही छान आहे."

इथे काही छान नव्हतं, हे दोघांनाही कळत होतं. काका जावयाकडे वळले.

"जावईबापू, जरा इकडे या. मला उंचीची भीती वाटते. पहिल्यापासून."

जावई आधी हसला. त्याला गंमत वाटली. मग त्याने सासऱ्यांचा पांढराफटक चेहरा पाहिला. "आणि ते आठ मजले?"

"लिफ्टमधून काय दिसतं?"

जावई दरीची बाजू बघून आला. मग म्हणाला, "आई, ती छत्री द्या." काकूंनी त्याच्या पाठीवरच्या पिशवीतून मोठी काळी छत्री काढली. त्याने ती उघडली आणि दरीच्या बाजूला भिंतीसारखी आडवी धरली. "बाबा, उठा. डाव्या हाताला डोंगर, उजव्या हाताला छत्री. आई, तुम्ही बाबांच्या पुढे चाला. आता तुमच्या काळजीचं काही दिसतंय का?"

काका छत्रीच्या आत आले. समोर काकूंची पाठ, एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला काळं कापड. त्यांनी सवयीने मागे हात नेला, तिथे स्टूल नव्हतं, पण एक पाऊल पुढे पडलं.

"खालून फट दिसतेय," ते म्हणाले. जावयाने छत्री खाली घेतली.

वरात निघाली. जावई खेकड्यासारखा तिरका चालत होता, काकू मधूनमधून "आता उंच पायरी" म्हणून सांगत होत्या, आणि काका पत्नीच्या पाठीवरची शिवण बघत होते. ती शिवण किती सरळ आहे, हे त्यांनी आजवर कधी नीट पाहिलं नव्हतं.

"सरळ आहे हं," ते म्हणाले.

"वाट?"

"शिवण."

"बरं वाटतंय म्हणायचं," काकू पुढे बघतच म्हणाल्या.

वळण संपलं आणि अंगावर तुषार आले. दोन कड्यांच्या बेचक्यातून पाणी पडत होतं, फार वरून, मध्येच वाऱ्याने बाजूला होत आणि पुन्हा सावरत. भोवती सगळं हिरवं आणि ओलं. आसपास चिटपाखरू नव्हतं. काकांनी मान मागे टाकून धबधबा थेट वरच्या टोकापर्यंत पाहिला. वर बघायला त्यांना कधीच त्रास नव्हता. काकूंनी बूट काढून पाय पाण्यात सोडले.

"तसाच आहे?" काकांनी विचारलं.

"पाणी तेवढंच गार आहे. खडक मात्र तेव्हा मोठा होता."

"तू लहान होतीस."

"बसा ना. एवढं लांब उभं राहून कसं चालेल?"

काका बसले. चावत नसलेले बूट काढून त्यांनीही पाय सोडले, आणि सबंध दुपार जावयाला दोघांच्या पाठींचेच फोटो काढावे लागले.

परतताना पुन्हा छत्री उघडली. निम्मा कडा ओलांडला, तोच वाटेत एक धिप्पाड गृहस्थ कातळाला चिकटून उभे दिसले. महागाचं जाकीट, पाठीवर भलं मोठं ओझं, डोळे घट्ट मिटलेले. ते मध्येच अडकल्यामुळे त्यांचे सोबती झाडांपाशी परतले होते आणि तिथून चिडवत होते, "अरे, ये की. भिंत पडत नाही, सोड तिला."

काका थांबले. काकूही थांबल्या.

"नवीन आहात का?" लिफ्टमधल्या नवख्याला विचारावं तसं काकांनी विचारलं.

गृहस्थांनी एक डोळा उघडला. आधी छत्री पाहिली, मग काका. "मला हलता येत नाहीये हो," ते पुटपुटले.

"मला तरी कुठे येतं? म्हणून तर ही छत्री." काकांनी हे जावयासमोर, झाडांपाशी ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगितलं. पलीकडची चेष्टा थांबली. "माझ्या मागे या. माझा शर्ट धरा. दरीकडे बघायचं नाही, माझ्या मानेकडे बघायचं. तिथे बघण्यासारखं काही नाही, तेच बरं."

गृहस्थांनी शर्ट धरला, तो जरा जास्तच घट्ट.

"जावईबापू, छत्री थोडी मागे घ्या. माणूस वाढलाय."

"माझा हात भरून आलाय, बाबा."

"आता पोचलोच. अगं, चल. हळू चल."

आणि काकू हळू चालू लागल्या.