फिरून ऐकायचा आवाज

कोलते सरांकडे गाणं ऐकायला गेलं की ते बसू देत नसत. "फिरा हो, घरभर फिरा!" चहाची बशी सांभाळत आम्ही पलंगाला, कपाटाला वळसे घालायचो. बाहेर यंत्रमागांची खडखड चालू असे, आणि आत सतार कुठेही गेलं तरी तेवढीच मंद, तेवढीच जवळ. धुक्यातून चालल्यासारखं वाटे.

सर सुरतेत मराठी शाळेत चित्रकला शिकवत. मी शेजारी, बँकेतला. नव्वदच्या दशकातले कॅसेटचे दिवस. सिमेंटच्या पाइपात त्यांनी स्पीकर आभाळाकडे तोंड करून बसवला होता आणि त्यावर मोठा लाकडी भोवरा टांगला होता, टोक खाली. आवाज वर जाई, भोवऱ्यावर आपटून चहूकडे पसरे.

"फोडणीचा वास काय समोर बसलेल्यालाच येतो?" ते सुमनवहिनींकडे हात करून म्हणत. "ही दिवसभर स्वयंपाकघरात. हिच्या वाट्याला उष्टा आवाज का?"

ईर्ष्येने मीही एक केला. चौकोनी खोका, चारही बाजूंना एकेक स्पीकर. एका रविवारी सरांच्या घरी दोन्हींची तुलना ठरली. "जो सरस ठरेल तोच इथे राहील," सर हसत म्हणाले.

माझ्या खोक्याची खोड मला माहीत होती. स्पीकरसमोर खणखणीत, दोन स्पीकरांमधल्या कोपऱ्याशी गेलं की आवाज विरायचा. म्हणून मी आधीच खोक्याच्या एका बाजूसमोर ओळीने खुर्च्या मांडल्या.

"अरे, फिरू दे ना लोकांना."

"पाहुण्यांना उभं ठेवायचं, सर?"

सरांनी सगळ्यांना बसायला सांगितलं. घरी आलेल्याला उभं ठेवणं त्यांच्याच्याने होणारं नव्हतं.

"आ तो एकदम चोख्खो!" शेजारचे ठाकोरभाई माझ्या खोक्याकडे बोट दाखवून म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या.

त्याच संध्याकाळी सरांनी भोवरा उतरवला. पुढे पाइपात सुमनवहिनींनी तुळस लावली. सर माझ्या खोक्यासमोर मुकाट बसून ऐकत. मी मात्र हा किस्सा वर्षानुवर्षं माझी फुशारकी म्हणून सांगत आलो.

सर गेले. तेराव्यानंतर मी वहिनींना म्हटलं, "त्या दिवशी सरांचाच चांगला होता. खुर्च्या मी मुद्दाम तशा मांडल्या."

"ठाऊक आहे. मी आत पोळ्या लाटत दोन्ही ऐकत होते ना."

"मग बोलला का नाहीत?"

"मला कुणी विचारलं होतं, भाऊजी?"

त्यांनी खुर्ची पुढे सरकवली. मला बसवेना.