सासऱ्यांची खाट दाराबाहेर

मंडळी, आज मला स्वतःचीच लाज वाटली आणि मग हसूही आलं.

सीपरी बाजारच्या मागे, रुळांलगतच्या वस्तीत मी आयांना बाळाच्या दुधाबद्दल सल्ला द्यायला जाते. तिथली रामकली तीन आठवडे एकच सांगत होती, "दीदी, दूध नईं उतरत." आणि मी दर वेळी तेच भाषण ठोकून परत येत होते.

आज गप्प बसून नुसतं पाहिलं. एकच खोली, खाटेवर सासरे. रामकली लांब घूंघट ओढून, भिंतीकडे तोंड करून मुलीला घाईघाईने पाजत होती. बाळाला नीट धरणार तरी कशी?

सासूबाईंना बाजूला घेऊन म्हटलं, "अम्मा, दूध कम नहीं है. बहू को संकोच है."

त्या तरातरा आत गेल्या. "उठो जी, बाहर बैठो! मोड़ी भूखी है." मोड़ी म्हणजे पोरगी.

सासरे गेले, घूंघट सरला. रामकली भिंतीला टेकून ऐसपैस बसली आणि थोड्याच वेळात बाळाचे घोट ऐकू यायला लागले.

मी चहा पिऊन निघाले तेव्हा बाळ पुन्हा कुरकुरलं. नुकतेच आत येऊन टेकलेले सासरे कोणी न सांगता उठले, आणि या वेळी खाटच उचलून दाराबाहेर घेऊन गेले.

आता खरं सांगा, तुमच्या घरी बाळाला भूक लागली की खोलीतून कोण उठून जातं? आई, की बाकीचे?