हानयांग, वाडगाभर अंतरावर

आमच्या नीउ-व्हेनेप या डच गावात टेकडी नाही. सगळं गाव समुद्रसपाटीच्या खाली. त्यामुळे हानयांगची कासवटेकडी कुठे दाखवायची, हा पहिला प्रश्न आला. शेवटी मुलांच्या घसरगुंडीचा उंचवटा धरला.

हानयांग हा वुहान शहराचा एक भाग. पूर्वेला यांगत्से, उत्तरेला हान नदी. दोन्ही मिळतात त्या कोपऱ्यात टेकडी, तिथूनच यांगत्सेवरचा जुना पूल सुरू होतो. मागे तळं, देऊळ, दुकानांची गर्दी. हे सगळं मला आमच्या चिनी शेजारणीने सांगितलं. तिची आई तिथे सहाव्या मजल्यावर एकटी राहायची. लिफ्ट नाही, आणि शहर बंद होऊन दोन महिने झाले होते. शेजारणीला आजाराइतकीच आईच्या पायांची धास्ती होती. म्हणायची, "अशीच बसून राहिली, तर पुढे जिना उतरणार नाही ती."

तो २०२० चा मार्च. झुइडास या व्यापारी भागातलं माझं ऑफिस जेवणाच्या टेबलावर आलं होतं. दुपारी आम्ही नवरा-बायको आणि ती, दीड मीटर अंतर ठेवून, कालव्याकाठी फिरायचो. ती फोनच्या पडद्यावर आईला बरोबर घ्यायची. कालवा म्हणजे यांगत्से, सुपरमार्केट म्हणजे देऊळ. आपण चालतोय तोवर आईनेही घरातल्या घरात चालायचं, असा करार होता.

मला अंदाजपंचे चालत नाही. मी पावलं मोजून आलेख-कागदावर नकाशा काढला. शेजारणीच्या दारापासून देवळापर्यंत सहाशे चाळीस पावलं.

"अहो, उद्या बदकांमधलं अंतरही मोजा," बायको म्हणाली.

नकाशा पाहून आई खूप हसली. शेजारणीने अर्थ सांगितला, "ती म्हणते, तुझ्या शेजाऱ्याला सांग, घर ते देऊळ म्हणजे एक वाडगा."

वुहानमध्ये सकाळी तिळाच्या वाटणातल्या गरम नूडल्स लोक रस्त्याने चालता चालता खातात. आईचा वाडगा देवळाच्या दाराशी बरोबर रिकामा व्हायचा. मी पावलं खोडून प्रमाणाच्या जागी लिहिलं : एक वाडगा.

मग आई घरी वाडगा हातात घेऊन स्वयंपाकघर ते खिडकी चकरा मारू लागली. तिचा वाडगा संपेपर्यंत आम्ही सुपरमार्केटच्या ट्रॉल्यांपाशी थांबायचो.

एप्रिलमध्ये शहर उघडलं. काही दिवसांनी शेजारीण सकाळीच कुंपणापाशी आली. आई खाली उतरली होती.

"पण नूडल्स औषधाच्या दुकानापाशीच संपल्या," ती म्हणाली. डोळे भरलेले. "निम्म्या वाटेत. इतकी हळू चालायला लागली."

"मग परत फिरल्या?" मी विचारलं.

तिने तिथेच फोन लावला. पलीकडून बराच वेळ काहीतरी ठणकावून बोलणं ऐकू आलं. शेजारीण डोळे पुसत हसायला लागली.

"म्हणते, परत कशाला फिरू? दुसरा वाडगा घेतला."

मी नकाशा बाहेर काढला आणि खोडरबर शोधायला लागलो.