दहा लाख एक

ताईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, म्हणून मी अकोल्याहून अमरावतीला तिच्याकडे राहायला गेले. ताई गणिताची निवृत्त शिक्षिका. डॉक्टरांनी तिला लिहिणं-वाचणं बंद ठेवायला सांगितलं होतं, म्हणून तिनं मलाच कामाला लावलं. दहा लाख एक ही मूळ संख्या आहे, एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानंच पूर्ण भाग जात नाही, असं तिच्या मनानं घेतलं होतं. ते मी कागदावर भागाकार करून सिद्ध करायचं.

"मोबाइलले विचारू ना," मी म्हटलं.

"मंग तुहं डोकं कायले आहे?"

तीननं भागलं, बाकी दोन. सातनं, अकरानं, तेरानं, तरी बाकी दोनच. ताई खूश होत होती आणि तिकडे माझी फोडणी करपत होती. दुसऱ्या दिवशीही तेच. मी डोळ्यात औषध घालत असले तरी ती पुढचा भाजक सांगायची.

"ताई, कायले जीव खाऊन राहिली माहा?" शेवटी मी ओरडले. "शंभराच्या आतल्या सगळ्या मूळ संख्या झाल्या. आता पुरे!"

"एकशे एकनं करून पाह्य."

रागारागात भागाकार मांडला. बाकी शून्य. खात्रीसाठी नऊ हजार नऊशे एकला एकशे एकनं गुणलं, बरोबर दहा लाख एक आले.

"मले वाटे, ते कशानंच फुटनार नाही," ताई म्हणाली. मला वाईट वाटलं. तेवढ्यात ती म्हणाली, "आता एक कोटी एक घे."

मी कागदच फाडला. "जाऊन राहिली मी अकोल्याले," म्हटलं. गेले मात्र तिचा डोळा बरा झाल्यावरच.