पिचोल्याची ओटी

गोदावरीवरच्या विष्णुपुरी धरणावर नावेच्या डिझेलचा वास आला आणि उदयपूरचे पिचोला तळे डोळ्यांपुढे उभे राहिले. तिथे मी नावेत बसायला घाबरलो, असे माझा मुलगा सांगतो. साफ खोटे! घाबरली होती त्याची आई.

“ओटी भरल्याबिगर म्या नावंत बसणार न्हाई,” ती म्हणाली.

“अगं, ही काय गोदावरी हाय?”

“पाणी तर हाय ना!”

घाटावर नारळ मिळाला, खण नाही. मी माझा कोरा रुमाल दिला. तिने ओटी पाण्यात सोडली आणि नावेत बसून माझे मनगट आवळले. तळ्यातला महाल जवळ येताच मात्र ते सोडले, बोटाने सज्जे दाखवण्यासाठी. तेव्हा मला मनगट सुटल्याचेच सुख होते. आज कळते, तिची भीती तिथे कायमची सुटली. यंदा काश्मीरच्या तळ्यात नावेतून फिरायचेही तिनेच ठरवले आहे.