हाडवाल्या बाई आणि त्यांची टोळी

हजारो वर्षांपूर्वी मेलेल्या माणसांबद्दल हाडवाल्या बाई अशा बोलत, जणू कालच त्यांच्याकडे चहा पिऊन आल्यात. सांगवीत आमच्या वरच्या मजल्यावर त्या एकट्या राहत. शेती सुरू होण्याआधी शिकार करून, कंदमुळं गोळा करून जगणाऱ्या लोकांच्या हाडांतून त्यांचे आजार शोधायचे, हे त्यांचं काम. खरं नाव फक्त दारावरच्या पाटीवर उरलं होतं.

तापाची साथ आली की कोण आजारी, कोण ठणठणीत, याची त्या घरोघर चौकशी करत. एकदा तापाने पडलेल्या माझ्या सासूबाईंना त्यांनी विचारलं, घरात बाकी कुणालाच ताप कसा नाही? सासूबाईंना ते लागलं. मग बाईंनी समजावलं, की रोगाला ओळखणारी जनुकं माणसागणिक वेगळी असतात, म्हणून एकच रोग सगळी टोळी संपवू शकत नाही.

"रोग काही शेती सुरू व्हायची वाट बघत बसले नव्हते," त्या म्हणाल्या. "शिकारीही आजारी पडत. पण सगळे एकसारखे नव्हते, म्हणून आपण आहोत."

सासूबाईंनी पेज संपवली. "म्हणजे घरासाठी मी आजारी पडले."

तसं म्हणता येईल, असं बाई म्हणाल्या.

पुढे त्यांनाच रक्ताचा कर्करोग झाला. टाकीत पाणी का नाही हे विचारायला आल्या, तेव्हा जाता जाता त्यांनी ते सांगितलं. दुसऱ्या कुणाच्या मूळ पेशी मिळाल्या तर आशा होती, पण रोग ओळखणारी नेमकी तीच जनुकं जुळायला हवी होती. सख्खं भावंड नव्हतं. आम्ही सोसायटीत मूळ पेशी दात्यांच्या नोंदणीचं शिबिर घेतलं. गालाच्या आतून कापसाची काडी फिरवायची, एवढंच. बाई दाराशी खुर्ची टाकून बसल्या आणि ऐनवेळी पळणार का, असं प्रत्येकाला विचारून डळमळणाऱ्यांना आधीच घरी पाठवू लागल्या. आमचे हे चाकणहून शिफ्ट संपवून आले. सुईला घाबरणारा माणूस. बाईंनी त्यांनाही विचारलं. पळणार नाही, असं हे म्हणाले, आणि तोंड उघडलं.

काही आठवड्यांनी निकाल आला. कुणाचंच जुळलं नव्हतं.

"एवढ्या लोकांत माझ्यासारखं कुणीच नाही. टोळीच्या दृष्टीने उत्तम आहे," बाई म्हणाल्या. मग जिन्यातच बसल्या. मीही शेजारी बसले. त्या म्हणाल्या, "मला मात्र वाईट वाटतंय."

दिवाळीआधी त्या गेल्या.

पुढच्या वर्षी ह्यांना त्या नोंदणीवाल्यांचा फोन आला. एका आजारी मुलीशी ह्यांचं जुळत होतं. सासूबाई म्हणाल्या, ओळख ना पाळख, कशाला जीव धोक्यात घालतोस?

"मी बाईंना शब्द दिलाय," हे म्हणाले. "त्या असत्या तर तो परत घ्यायला गेलो असतो."

रक्तातून मूळ पेशी काढून घेण्यासाठी दोन्ही हातांत सुया टोचून घेऊन हे काही तास डोळे घट्ट मिटून पडून होते. डॉक्टर म्हणाले, झोपलात तरी चालेल. हे म्हणाले, झोप कुठली.

त्या मुलीचं नाव, गाव आम्हाला सांगत नाहीत, तसा नियमच आहे. सासूबाई रोज दिवा लावताना म्हणतात, आमच्या मुलीला बरं कर.